बसलेल्या घशाची पाटी

मी राहतो त्या खोलीच्या बरोबर खाली एका पेंटरांचे दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्या भागात पाट्या, मागच्या अर्ध्या भागात संसार, आणि दोहोंच्या मधे पडद्याच्या जागी कोणी न नेलेला एक मोठा फलक उभा केलेला. त्यावर ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ असे ठसठशीत लिहिले आहे. ज्या गृहस्थांनी तो करायला दिला होता, त्यांनी मधल्या काळात स्वतःच गाडी घेतली आणि ती फाटकासमोर लावायला सुरुवात केली. तेव्हापासून ते या रस्त्याने येत नाहीत. स्वयंपाकघरात जायचे तर या फलकाला वळसा घालावा लागतो.

पेंटर पन्नाशीच्या पुढचे आहेत. उंच, सडपातळ, सतत खाली बघून काम केल्यामुळे मान थोडी पुढे आलेली. उजव्या करंगळीचे टोक कायम कोणत्या ना कोणत्या रंगाचे, कारण अक्षर ओढताना ती करंगळी पत्र्यावर टेकवून ते हात तोलतात. छापील फलक शहरात झटपट मिळतात, तरी दवाखाने, शाळा आणि काही जुने दुकानदार अजून त्यांच्याकडेच येतात. त्यांचे अक्षर पाहिले की मजकुरावर आपोआप विश्वास बसतो.

घरातले दुसरे माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण. सगळा रस्ता त्यांना ताई म्हणतो, मीही म्हणतो. भावाबहिणींत कामाची वाटणी सरळ होती: लिहायचे पेंटरांनी, बोलायचे ताईंनी. याला कारण होते. पेंटर बोलताना अडखळतात, लहानपणापासून. माझ्या गावी नदीला पाणी चढले की टपाल आणणारा माणूस पलीकडच्या काठावर उभा राही. त्याच्या पिशवीत पत्र आहे हे सगळ्यांना दिसे, ते कोणाचे आहे याचा अंदाजही येई. फक्त ते अलीकडे येत नसे. पेंटरांचा शब्द असाच काठावर उभा राहतो.

ओठ मिटून काढायच्या अक्षरांशी त्यांचे विशेष वाकडे आहे. म्हणून ते वळसे घालतात. पिवळ्या रंगाला ‘हळदीचा’ म्हणतात, मफलरला ‘गळपट्टा’ म्हणतात, बुधवारी बोलवायचे असेल तर ‘बुधवार’ही अडतो आणि ‘परवा’ही, म्हणून थेट गुरुवारी बोलावतात. आणि दैवाचा विनोद असा की त्यांच्या धंद्याचे नावच ‘प’ने सुरू होते. फोन वाजला की तो ताई घेत. “हां, पेंटरांकडून बोलतेय,” हे वाक्य मी वरून इतक्यांदा ऐकले आहे की झोपेत ऐकले तरी माझी कूस बदलत नाही.

ताई त्यांची वाक्येही पुरी करीत. बहुतेक वेळा बरोबर करीत. एकदा पेंटर “ताई, मला प...” इथवर आले आणि ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांना पत्रा हवा होता. ते पाणी प्याले, तांब्या परत दिला, आणि उठून पत्रा स्वतः घेऊन आले.

“मग बोलायचं ना, पत्रा म्हणून!” ताई म्हणाल्या.

पेंटरांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, आणि दोघेही हसू लागले.

या घरात ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकाडोचा गर ठेचून केलेले मेक्सिकन तोंडीलावणे, शिरले ते एका पाटीच्याच निमित्ताने. कोपऱ्यावर नवा कॅफे निघाला. मालकाला दर्शनी फलकावर ॲव्होकाडोचे चित्र हवे होते. पेंटरांनी ते फळ आयुष्यात पाहिलेले नव्हते, म्हणून मालकाने नमुन्यादाखल तीन फळे पाठवून दिली. फलक तयार होईपर्यंत ती मऊ पडली. ताईंनी एकावर अंगठा दाबला आणि तो आत गेला.

“चित्र झालं, आता हे काय करायचं? टाकायचं? एवढं बिचारं मॉडेल म्हणून बसलं चार दिवस.”

पेंटरांनी फोनवर शोधले. शोधता शोधता त्यांना कृती मिळाली आणि कृतीबरोबर माणसेही मिळाली. ‘हिरवी वाटी’ नावाचा एक गट होता. घरी ग्वाकामोले करणाऱ्या हौशी मंडळींचा, कुठल्या कुठल्या घरांतून एकत्र आलेला. गट चालवणाऱ्या बाई पूर्वी एका वाचनालयात होत्या, आणि त्यांनी इथेही शिस्त ठेवली होती. चेहऱ्याचे छायाचित्र लावायचे नाही. प्रत्येकाने आपापल्या वाटीचे लावायचे. खरे नाव सांगायचे नाही. आवाजी निरोप पाठवायचे नाहीत. ‘मला ऐकवू नका, लिहा’ असे त्यांनी दारातच बजावून ठेवले होते. दर रविवारी एकाने पाळीपाळीने वाटी करायची आणि इतरांनी आपापल्या घरी चमचा उचलण्याआधी त्यानेच तिची हकिगत लिहायची: फळे कुठून आणली, किती छळले, कांद्याने काय केले. आणि सर्वांत कडक नियम असा की काळी पडलेली वाटी बाद. ॲव्होकाडोच्या गराला हवा लागली की तो तपकिरी पडत जातो. अशा वाटीचे छायाचित्र कोणी टाकले की बाई ते काढून टाकीत आणि खाली एवढेच लिहीत: ‘उशीर झाला.’

पेंटरांनी तिथे ‘ब्रश’ हे नाव घेतले. आणि त्या गटात, माझ्या खालच्या खोलीत दिवसभर मान हलवून काम भागवणारा हा माणूस, सर्वांत गप्पिष्ट ठरला.

मला त्यांनी काही हकिगती वाचायला दिल्या होत्या. एकीत लिहिले होते: ‘हे फळ पाहुण्यासारखे आहे. वाट बघत बसलात तर येणार नाही. तुम्ही अंगाला साबण लावलात की दारात हजर.’ दुसरीत कांद्याबद्दल: ‘कांदा असा चिरावा की तो आहे हे जिभेला कळावे, पण शेजाऱ्याला कळू नये.’ खाली लोकांच्या प्रतिसादांची रांग. रात्रपाळीहून परतणाऱ्या एका नर्सबाई लिहीत की तुमच्या हकिगतीसाठी मी जागी राहते. ‘टेम्पो’ या नावाचे एक चालक लिहीत की सिग्नलला वाचली, मागचे सगळे हॉर्न वाजवू लागले.

अशा ओळखींबद्दल मला पूर्वी शंका होती. मी ज्या गावात वाढलो तिथे ओळख म्हणजे कोणाचा कोण, कोणत्या आळीचा, मामा कुठला, हे आधी. माणूस प्रत्यक्ष कसा आहे हे कळायला मग आयुष्य पडलेले असे. इथे सगळे उलटे होते. नर्सबाई लिंबू जास्त पिळतात, टेम्पोला कोथिंबीर चालत नाही, बाई मिरची बियांसकट घालतात आणि ती तिखट लागली तरी कबूल करीत नाहीत, हे पेंटरांना ठाऊक. यांतल्या एकाचेही आडनाव ठाऊक नाही.

ताईंना हे मुळीच पटत नसे.

“तोंड बघितलं नाही, नाव माहीत नाही, आणि म्हणे ओळख! उद्या त्यातला एखादा समोर येऊन उभा राहिला तर ओळखशील कसा?”

पेंटर म्हणाले, “वाटीवरून.”

“आणि त्यानं वाटी नाही आणली तर?”

“तर तो आ... आमच्यातला नाही.”

एका संध्याकाळी जिन्याखाली पेंटर माझी वाट बघत उभे होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. बाईंचा निरोप होता. त्या शहर सोडून लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. जाण्यापूर्वी सगळ्या वाट्या एकदा समोर पाहायच्या होत्या. रविवारी दुपारी, वाचनालयाच्या मागच्या अंगणात, जमेल त्यांनी यावे. शेवटची ओळ अशी: ‘शेवटची वाटी ब्रश यांची. तिथेच करावी, आणि हकिगत तोंडी सांगावी. बाकीचे आले नाहीत तरी चालेल.’

पेंटरांचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता.

“अहो, हा तर मान आहे,” मी म्हणालो.

त्यांनी फोन खिशात टाकला. मग सावकाश, वळसे घेत, त्यांनी मला सांगितले की जगात ही एकच जागा आहे जिथे लोक त्यांच्या बोलण्याची वाट बघतात. बाकी सगळीकडे ते संपण्याची वाट बघतात. रविवारी तिथे तोंड उघडले की ही जागाही गेली. न जावे तर बाई कायमच्या निघून जाणार, आणि ज्या माणसाने त्यांना गप्पिष्ट केले त्याला एकदा नमस्कारही घडणार नाही.

तोडगा ताईंनी काढला. “घसा बसलाय म्हणून सांगायचं. घसा काय, कुणाचाही बसतो. गळ्याला मफलर गुंडाळ, मान हलव, वाटी कर, हकिगत कागदावर लिहून दे. कोण तपासायला येतंय?”

“आणि कोणी विचारलं तर?”

“विचारलं तर हे आहेत ना! अहो वरचे, तुम्ही जा बरं याच्याबरोबर. खलबत्ता जड आहे, तोही उचलायला माणूस हवाच.”

ताई मला ‘वरचे’ म्हणतात. वर राहतो म्हणून. त्या संबोधनाला नाही म्हणणे आजवर मला जमलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना पाहतो तर दुकानात पेंटर एका छोट्या पत्र्याला रंगाआधीच्या अस्तराचा हात देत होते. त्याच्या पुढच्या दिवशी तो पत्रा गडद निळा झाला. मग त्यावर हळदीच्या रंगात अक्षरे उमटली: ‘घसा बसला आहे. क्षमा असावी.’ अक्षरांना लाल सावली. चारही कोपऱ्यांत बारीक वेल. खाली, दोन्ही वाक्यांना कवेत घेणारी एक नाजूक वळणाची रेघ.

“हे काय?” मी विचारले.

“लोकांना कळायला नको का?”

“कागदावर लिहून चाललं असतं.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना रंगाऐवजी चिखल वापरायला सांगितला. वार्निशचा हात देत ते म्हणाले, “प... पाटी ती पाटी.”

“घसा केव्हा बसणार आहे?”

“रविवारी सकाळी,” पेंटर गंभीरपणे म्हणाले.

रविवारी आम्ही निघालो. ऊन असे की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा सावलीची भिंत सोडायला तयार नव्हती, आणि पेंटरांच्या गळ्यात लोकरीचा तपकिरी मफलर. हातात फळांची पिशवी, छातीवर दोरीने अडकवलेली पाटी. मागून मी, दगडी खलबत्ता पोटाशी धरून. बसमध्ये एका मुलीने आईला विचारले, “यांना कुणी शिक्षा केलीय का गं?”

वाचनालयाच्या मागे लहानसे फरसबंद अंगण होते, एका झाडाखाली लांब टेबल, आणि मागच्या दारावर एक जुनी पाटी: ‘शांतता राखा’. पेंटर तिच्यासमोर थबकले. मग त्यांनी हळूच स्वतःच्या छातीकडे बोट केले. ती त्यांचीच होती, फार वर्षांपूर्वीची.

बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या अशा होत्या. हातात चमचा होता आणि तो त्या खडूसारखा धरीत. टेम्पो दोन खुर्च्या भरतील एवढे आडवे. नर्सबाई रात्रपाळी करून थेट आलेल्या. डोळ्यांत झोप, पण तोंडभर हसू. आणखीही काही मंडळी होती. प्रत्येकजण आधी वाट्यांकडे बघे, मग वर चेहऱ्याकडे, आणि मग ओरडे: “अरे, तुम्ही होय!” टेम्पोंना पाहून नर्सबाई म्हणाल्या, “कोथिंबीर नाही म्हणजे तुम्हीच.” ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

पेंटर अंगणात शिरले तसे सगळे पाटी वाचू लागले.

“अरेरे! आजच बसायचा होता का?” टेम्पो कळवळून म्हणाले. “कधी बसला?”

पेंटरांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, “आज सकाळीच.”

“बघू,” म्हणत नर्सबाई उठल्या. फोनचा दिवा लावून त्यांनी पेंटरांची हनुवटी धरली. “आ करा. मोठा आ. अजून.” आत बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “अहो, काहीच नाही. इतका स्वच्छ घसा मी महिनाभरात पाहिला नाही.”

तेवढ्यात टेम्पो पाटीजवळ वाकले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले. मग दुसरे बोट फिरवले. मग बाईंकडे वळून म्हणाले, “बाई, एक सांगू? माझ्या गाडीचा मागचा भाग रंगवला तेव्हा पेंटरनं मला दोन दिवस गाडी हलवू दिली नव्हती. वाळायला वेळ लागतो म्हणे. आणि हे तर अस्तर, वर रंग, वर सावली, वर वार्निश... खडखडीत वाळलंय. आणि घसा म्हणे सकाळी बसला?”

मी खलबत्त्याकडे बघू लागलो. एखाद्याने घाईत चिठ्ठी खरडली असती तर निभावून गेले असते. पण या माणसाला खोटेसुद्धा कच्चे करता येत नव्हते.

पेंटरांनी मफलर सोडला. त्याची व्यवस्थित घडी केली आणि टेबलावर ठेवली. गळ्यातली पाटी काढून तिच्याशेजारी ठेवली. मग त्यांनी तोंड उघडले, आणि शब्द काठावर येऊन उभा राहिला. आम्ही सगळे तो पाहत होतो.

“घसा,” ते शेवटी म्हणाले, “ठीक आहे. मी... असाच... बोलतो.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पाटी हातात घेऊन वाचली, उलटी करून मागची बाजूही पाहिली.

“मग एवढी देखणी पाटी एका दिवसासाठी कशाला केलीत?” त्या म्हणाल्या. “बरं, फळं पिकलीत ना? सुरू करा. हकिगत राहिली आहे.”

पेंटरांनी एकच शेवटचा प्रयत्न केला. त्यांनी हात वर करून ‘शांतता राखा’कडे बोट दाखवले.

“ती आतल्यांसाठी आहे,” बाई म्हणाल्या. “मी त्या पाटीखाली सगळी नोकरी काढली, मला विचारा. अंगणात बोलायला मुभा आहे.”

पेंटरांनी फळे कापली, बिया काढल्या, चमच्याने गर खलात उतरवला. करंगळी खलाच्या काठावर टेकलेली. मीठ, लिंबू, बारीक मिरची, आणि शेजाऱ्याला न कळेल असा कांदा. टेम्पोंकडे पाहून त्यांनी कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवली. तयार झालेला तो हिरवा रंग कोवळ्या पानासारखा होता. सर्वांनी चमचे हातात घेतले, आणि पेंटर हकिगत सांगायला उभे राहिले.

“फळं तीन आणली. प...”

तिथे सगळे थांबले. झाडावर एक पाखरू बोलत होते, ते एकटेच बोलत राहिले. टेम्पो मनाने फार मऊ. त्यांना हे पाहवेना.

“पहिलं?” ते मदतीला धावले. “पिशवी? पातेलं? पाव?”

बाईंचा चमचा टेबलावर आपटला. “टेम्पो! ओव्हरटेक करू नका.”

टेम्पोंनी तोंडावर हात ठेवला. कोणीतरी फसकन हसले, आणि आश्चर्य म्हणजे पेंटरही हसले. मग ते पुन्हा त्याच शब्दाशी आले. वळसा घेता आला असता. ‘एक फळ’ म्हणता आले असते. त्यांचे असे कितीतरी वळसे मला पाठ होते. पण ते तिथेच उभे राहिले, जागा न सोडता, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “पहिलं. पहिलं फळ लवकर पिकलं.”

हकिगत पुढे सरकली. ताई येताजाता प्रत्येक फळ अंगठ्याने दाबून बघत. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा पेंटरांनी फळांच्या टोपलीला एक इवलीशी पाटी लावली: ‘हात लावू नये.’ ताई म्हणाल्या, मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. पेंटरांनी चष्मा आणून दिला. ताईंनी चष्मा लावला, पाटी वाचली, अक्षर छान आले आहे म्हणाल्या, आणि चष्मा लावूनच फळ दाबले.

एवढे सांगायला लागला तो वेळ कोणी मोजला नाही. पण टेबलावर एक गोष्ट मोजत होती. खलातल्या हिरव्या रंगावर कडेने तपकिरी छटा चढू लागली. पेंटरांचे रंगावर पोसलेले डोळे ते आमच्या आधी पाहत होते. प्रत्येक अडलेल्या शब्दाबरोबर त्यांची नजर खलाकडे जाई. नर्सबाईंनी लिंबाची फोड उचलली. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “वाटी थांबेल.”

ज्यांनी आजवर एकही काळी वाटी गटात टिकू दिली नव्हती, त्या बाई चमचा मांडीवर ठेवून खुर्चीत मागे रेलल्या. ते पाहून बाकीच्यांनीही चमचे खाली ठेवले. पेंटरांनी नजर खलावरून काढली आणि त्यानंतर ती परत तिकडे नेली नाही.

“तिसरं फळ,” ते म्हणाले, “काल रात्रीपर्यंत दगड. ताई म्हणाली, याला ऊब हवी. तिनं कपाटातून म... म...” त्यांनी टेबलावरच्या घडीवर तळवा ठेवला. “मफलर काढला. फळाला गुंडाळला. आज सकाळी फळ पिकलं. मफलर मोकळा झाला. म्हणून तो माझ्या गळ्यात आला.”

क्षणभर कोणाच्या लक्षात आले नाही. मग नर्सबाई ओरडल्या, “म्हणजे पेशंट फळ होतं! आणि मी तुमचा घसा तपासला!”

अंगण हसून हसून दणाणले. टेम्पोंची खुर्ची मागे कलली आणि दोघांनी मिळून त्यांना सावरले. आतून कोणीतरी खिडकी उघडून “श्शू!” केले, त्यावर हसणे आणखी वाढले. पेंटर मधोमध उभे होते, कानांपर्यंत लाल.

बाईंनी चमचा उचलला. खलातला गर आता वरून चांगलाच तपकिरी पडला होता. पेंटर हलक्या आवाजात म्हणाले, “उशीर झाला.”

“नियम मला माहीत आहे. मीच केलाय,” बाई म्हणाल्या. कोणी सुचवले की वरचा थर बाजूला सारा, खाली हिरवे आहे. त्यांनी ऐकले नाही. वरच्या थराचाच घास घेतला, डोळे मिटून चावला, आणि निकाल दिला: “मिरची कमी आहे. बाकी तक्रार नाही.”

मग सगळ्यांचे चमचे एकमेकांवर आपटले. मीही खाल्ले. एवढा जड खलबत्ता वाहून आणल्याबद्दल मला दुसऱ्यांदा वाढण्यात आले.

निघताना बाईंनी ती निळी पाटी काखेत मारली. “ही मी नेते. लेकीकडे चार माणसं आहेत, सगळी बोलकी. मला गप्प बसावंसं वाटलं की गळ्यात अडकवीन.”

घरी ताई दारातच होत्या. “काय झालं? चालला का घसा?”

“नाही चालला,” मी म्हणालो.

“अगं बाई! मग पाटी कुठंय?”

“बाईंनी नेली.”

“मग हकिगत सांगितली कोणी? तुम्ही?”

“त्यांनीच सांगितली. सगळी.”

ताई तिथल्या स्टुलावर बसल्या. भावाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “किती वेळ लागला?”

“वाटी काळी पडेपर्यंत.”

“आणि लोक?”

“बसून होते.”

ताई उठल्या. त्यांनी खलबत्ता माझ्या हातून घेतला आणि फलकाला वळसा घालून आत गेल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “मिरची कमी पडली असणार. सांगितलं होतं मी.”

पुढच्या आठवड्यात मी जिना उतरत असताना दुकानात फोन वाजला. ताई सवयीने पुढे झाल्या, अर्ध्यावर थांबल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. पेंटरांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि फोन उचलला.

“प...”

ताईंचे ओठ आपोआप पुढे आले. त्यांनी ते दातांखाली धरले. मी पायरीवर जिथल्या तिथे उभा. दुकानात रंगाच्या वासाखेरीज काही हलत नव्हते. शब्द काठावर आला, उभा राहिला, आणि पलीकडून टक् असा आवाज झाला. त्या माणसाने फोन ठेवून दिला होता.

ताईंचा चेहरा पडला. पेंटरांनी फोनकडे पाहिले आणि ते मोठ्याने हसले. मग त्यांनी त्याच क्रमांकावर स्वतःच परत फोन लावला.

“नंबर तरी मी लावू का रे?” ताईंना राहवेना.

त्यांनी करंगळी वर करून ताईंना थांबवले. ती त्या दिवशी हिरवी होती. पलीकडे कोणी तरी “हॅलो, हॅलो” म्हणत होते. पेंटर भिंतीला टेकून आरामात उभे राहिले.

“ठेवू नका,” ते म्हणाले. “पें... पेंटर बोलतोय. थोडा वेळ लागेल.”